वंशावळीतून गाळलेलं घर

१९ सप्टेंबर, गुरुवार. बर्फाची थर्माकोलची खोकी धुवायची होती. बोरिवलीच्या मार्केटात माझा मासळीचा गाळा आहे आणि गुरुवारी तिथे निम्मंच गिऱ्हाईक असतं, म्हणून हे काम मी गुरुवारी काढते. गणपती जाऊन दोनच दिवस झाले होते. श्रावणापासून तोंड बांधून बसलेली माणसं शनिवार-रविवारी पिशव्या घेऊन तुटून पडणार, हे दरवर्षी ठरलेलं. म्हणून या खेपेला खोकी जास्त होती. सतरा. मागच्या अंगणात बसून सोडा टाकून घासत होते. अकरावं खोकं उपडं घालत होते तेव्हा मुलगी मोबाइल घेऊन मागच्या दारात आली.

"आई, समितीचा मेसेज आलाय. त्रुटी काढलीय. उद्या चार वाजेपर्यंत पूर्तता करा म्हणतात."

मी हात धुतले. उरलेली सहा खोकी तशीच राहिली.

समिती म्हणजे जातपडताळणीची. जातीचा दाखला आमच्याकडे होता, पण तो खरा आहे हे समितीने तपासून तसं वैधता प्रमाणपत्र दिल्याशिवाय राखीव जागेवर प्रवेश पक्का होत नाही. दुसऱ्या फेरीत मुलीला मुंबईतल्या सरकारी दंत महाविद्यालयात जागा लागली होती. सोमवारी संध्याकाळी पाचच्या आत मूळ प्रमाणपत्र घेऊन हजर व्हायचं, नाहीतर जागा पुढच्याला. खुल्या यादीत तिचा नंबर कुठेच पोचत नव्हता. खासगी कॉलेजची फी आम्ही विचारलीच नाही, विचारून काय करणार होतो? नीटची परीक्षा तिने दुसऱ्यांदा दिली होती. तिसऱ्यांदा बसणार नाही, असं तिने निकालाच्या आधीच सांगून ठेवलं होतं. ती उगीच बोलणारी नाही.

दातांचीच डॉक्टर का, असं मला पुष्कळ जणींनी विचारलं. आमच्या गोराईत माझ्या सासूच्या वयाच्या सगळ्या बायका मशेरी लावायच्या. भाजलेली तंबाखू, सकाळी एकदा, दुपारी एकदा. सासू शेवटची दोन वर्षं पेजेवर होती, तोंडात तीन दात. मासेमाराच्या घरातली बाई माशाचा काटा चावू शकत नाही, यासारखी शिक्षा नाही. मुलगी तेव्हा सहावीत होती. आजीच्या तोंडात बॅटरी मारून बघायची आणि खाडीपलीकडच्या डॉक्टरकडे न्या म्हणून माझ्या मागे लागायची. मी नेलं नाही. होडीला बसा, रिक्षा करा, तिथे रांग लावा, आणि धंद्याचा दिवस जातो तो वेगळा. दुखलं की लवंग धर, असं सांगत राहिले. पुढे म्हातारी गेली. मुलीने मला त्यावरून कधी काही बोलून दाखवलं नाही.

नवरा ट्रॉलरवर होता. आठ दिवसांची ट्रिप, फोन लागत नाही. म्हणजे जे करायचं ते मलाच. फाईल घेतली, मुलीला घेतलं आणि धक्क्यावर गेले.

धक्क्यावरच्या तिकिटाच्या खिडकीत माझा चुलत दीर बसतो. माझे आजेसासरे आणि त्याचे आजोबा एकच. घरंही चार दारांवर. अकरा वर्षांपूर्वी बोंबील सुकवायच्या बांबूंच्या मांडवावरून आमची भांडणं झाली. जागा कोणाची, कोणाच्या बापाने बांबू रोवले, मग शिव्या, मग माझ्या सासऱ्यांचा हात मोडला. गावाच्या बैठकीत म्हाताऱ्यांनी निकाल दिला की मांडव अर्धा अर्धा करा. जागा वाटली गेली, पण सासरे घरी आले आणि म्हणाले, आजपासून त्यांचं सुतक आपल्याला नाही, आपलं त्यांना नाही. आमच्याकडे भावकी तोडायची म्हणजे ही शेवटची पायरी. त्यांच्याकडे कोणी मेलं तरी आपण आंघोळ करायची नाही, चूल बंद ठेवायची नाही, धंद्यावर जायचं. अकरा वर्षं दीर मला तिकीट देत होता आणि मी घेत होते. दोघांपैकी कोणी मान वर करत नव्हतं. त्या दिवशीही तसंच झालं. दोन तिकिटं.

समितीच्या ऑफिसात पोचलो तेव्हा जेवणाची सुट्टी होती. बाकावर बसलो. मुलीने सकाळपासून काही खाल्लं नव्हतं. वडापाव आणून दिला तर हातात धरून बसली. मी तिचा अर्धा खाल्ला आणि उरलेला कागदात बांधून पर्समध्ये टाकला.

अडीचला अधिकाऱ्यांनी बोलावलं. रिटायरमेंटला आलेला माणूस, आवाज मऊ, पण डोळे कागदावरून हलत नाहीत. दहा दिवसांपूर्वीच्या सुनावणीलाही हेच होते. आमची अडचण त्यांना आधीच दिसली होती. समितीला जुने कागद लागतात, आणि आमच्याकडचे सगळे कागद नवे. आजेसासरे शाळेत गेलेच नाहीत, त्यांना शाळेपेक्षा खाडी जवळ होती. सासरे चौथीपर्यंत गेले, पण त्यांच्या दाखल्यात जातीच्या रकान्यात मास्तरांनी नुसतं 'हिंदू' लिहून ठेवलेलं. अशा वेळी वडिलांकडच्या रक्ताच्या नात्यात आधी कोणाची पडताळणी झालेली असली तर काम होतं. सुनावणीत त्यांनी हेच विचारलं होतं. गावातल्या एका मुलाची पाच वर्षांपूर्वी इंजिनिअरिंगसाठी पडताळणी झालीय, आडनाव तुमचंच, तो तुमचा कोण? तो त्या तिकीटवाल्या दिराचाच मुलगा. मी म्हटलं होतं, गाववाले.

आता त्यांनी टेबलावर दोन कागद शेजारी शेजारी ठेवले.

"ही त्यांची वंशावळ. ही तुमची. त्यांच्या वंशावळीत तुमच्या मिस्टरांचं नाव आहे. तुमच्या वंशावळीत त्यांच्या घरातलं कोणीच नाही. दोन्हींवर शपथ आहे. मग खोटं कोण बोलतंय?"

मी त्यांचा कागद बघितला. वरती आजेसासऱ्यांचं नाव, खाली दोन फांद्या. आमच्या फांदीवर सासरे, नवरा, आणि नवऱ्याच्या खाली माझी मुलगी. तेव्हा ती आठवीत असेल. भांडणाला सहा वर्षं झालेली, तोंड बघत नव्हतो, आणि त्यांनी तिचं नाव लिहिलं होतं.

माझा कागद मीच करून घेतला होता. मुलगी बारावीत असताना, नवरा समुद्रावर असताना. कोर्टाबाहेरच्या टायपिस्टने विचारलं होतं, चुलते कोण कोण? मी म्हटलं, कोणी नाही. मुलगी शेजारी उभी होती. ती म्हणाली होती, काका नाही का लिहायचे? मी म्हटलं होतं, तू गप्प बस.

"साहेब," मी म्हटलं, "त्यांचं सुतक आम्हाला नाही. म्हणून लिहिलं नाही."

त्यांनी चष्मा काढला. मला वाटलं ओरडतील.

"बाई, इथे रक्त बघतात. सुतक तुम्ही घरी बघा."

मग त्यांनी कागदावर लिहूनच दिलं. नवीन वंशावळ, नवीन शपथपत्र, आधी ही माहिती का दिली नाही त्याचा खुलासा. शिवाय त्या चुलत दिराचं स्वतंत्र शपथपत्र आणि त्यांच्या मुलाचं मूळ वैधता प्रमाणपत्र, दीर स्वतः घेऊन हजर. शुक्रवारी चारपर्यंत. खोटं शपथपत्र दिल्याबद्दल काय होऊ शकतं तेही त्यांनी शांतपणे सांगितलं. मी मान डोलावली. मला त्यातलं फारसं ऐकू येत नव्हतं. माझ्या डोक्यात एवढंच होतं की शुक्रवार म्हणजे उद्या.

येताना होडीत मुलगी पलीकडच्या बाकावर बसली होती. अर्ध्या खाडीत आल्यावर म्हणाली, "त्यांना लिहायचं राहिलं होतं की तू लिहिलं नव्हतंस?"

"लिहिलं नव्हतं."

रडली असती तर मला सोपं गेलं असतं.

घरी येऊन ती भिंतीकडे तोंड करून पडली. मी तोंड धुतलं आणि चार दारं ओलांडून गेले. या चार दारांमध्ये मला एक गोष्ट आठवत होती आणि ती मी सांगितली पाहिजे. त्याच वर्षी एप्रिलमध्ये त्या घरातली म्हातारी, माझी चुलत सासू, पहाटे गेली. रडणं मला ऐकू आलं. मी टोपली भरत होते. भरली, डोक्यावर घेतली आणि त्यांच्या दारावरूनच धक्क्यावर गेले, कारण दुसरा रस्ता नाही. दारात बायका जमल्या होत्या. मी थांबले नाही. थांबायचं नव्हतंच, ते सुतक आमचं नव्हतं.

जाऊ ओट्यावर कोळंबी सोलत बसली होती. माझ्यापेक्षा सात वर्षांनी मोठी. मला बघून तिचे हात थांबले नाहीत.

"कशाला आयलीस गो?"

मी सगळं सांगितलं. मध्ये कुठे सजवलं नाही. उभं राहून बोलणं बरं दिसेना म्हणून खाली बसले, आणि हात रिकामे कशाला म्हणून तिच्या ताटातली कोळंबी सोलायला घेतली. तिने अडवलं नाही, दुसरं ताटही पुढे केलं नाही. दीर आत टीव्हीसमोर होता. त्याने आवाज बंद केला, पण बाहेर आला नाही.

"तुम्ही आमचं नाव लिहिलं होतं," मी म्हटलं.

"मग काय करणार? आजा एकच ना. तुझ्या सासऱ्याने हात मोडून घेतला म्हणून आजा बदलतो?"

"मी नव्हतं लिहिलं."

"ते कळलं आता." तिने एक कोळंबी सोलून पातेल्यात टाकली. "पोरीचं सरकारी आहे?"

"सरकारी. सोमवारी शेवटचा दिवस."

"आणि हा उद्या तुझ्याबरोबर कोर्टात येणार, सही करणार, पोराचा कागद दाखवणार. भावकी कागदावर जोडायची. आणि घरात? माझी सासू गेली त्या दिवशी तू टोपली घेऊन गेलीस. या दारावरून. तोंडसुद्धा इकडे केलं नाहीस."

मी म्हटलं, "हो."

"माफीबिफी नको मला. तुझी माफी घेऊन कुठे ठेवू? सुतक धर."

मला एक क्षण कळलंच नाही. मग कळलं. दहा दिवस उलटल्यावर मेल्याची खबर कळली तर तीन दिवसांचं सुतक येतं, हे आमच्यात लहान पोरालाही माहीत असतं.

"पाच महिने झाले," मी म्हटलं. "तीन दिवसांचं येईल."

"खबर उशिरा कळली तर तीन. तुला तर त्याच पहाटे कळली होती."

"कळली होती. धरली नव्हती."

तिच्या तोंडाची एक बाजू किंचित हलली. हसली असं म्हणता येणार नाही.

"बरं. तीन. कधीपासून?"

"सोमवार, मंगळवार, बुधवार."

"वा गो. सोमवारी-मंगळवारी तुझ्या गाळ्यावर कुत्रं फिरकत नाही. मला शिकवते? माझीपण टोपली आहे. शनिवार, रविवार, सोमवार."

"गणपतीनंतरचा पहिला रविवार आहे."

"म्हणूनच."

मी आणखी एकदा प्रयत्न केला. म्हटलं, रविवार धरून पुढे तीन, शनिवार तेवढा सोड. मार्केटात पंचवीस वर्षं बसलेली बाई, मला सवयच आहे. ती म्हणाली, सासू कोणाची मेली, तुझी का माझी? मग मी शनिवार मान्य केला. तिने आतल्या दिशेला बघून नवऱ्याला हाक मारली आणि पोराचा कागद कपाटातून काढून ठेवायला सांगितलं. कोळंबी संपेपर्यंत आम्ही दोघी सोलत बसलो.

घरी येऊन मुलीला सांगितलं की काका उद्या येतायत. ती उठून बसली. पर्समधला अर्धा वडापाव तिला दिला, तो गार झाला होता. तिने खाल्ला.

शुक्रवारी सकाळी खिडकीत दुसरा माणूस होता. दीर इस्त्रीचा शर्ट घालून, प्लास्टिकच्या पिशवीत कागद घेऊन धक्क्यावर उभा. होडीत आम्ही तिघं एका बाकावर. त्याने तिघांची तिकिटं आधीच काढली होती. खाडी ओलांडेपर्यंत तो एकदाच बोलला, तेही मुलीशी. दोन वर्षं झाली, मागची एक दाढ हलते, काढावी का राहू द्यावी? तिने बॅटरी नाही म्हणून मोबाइलचा लाइट लावला आणि चालत्या होडीत त्याचं तोंड उघडायला लावलं. बघून म्हणाली, काका, मला अजून काही येत नाही. तो म्हणाला, येईल.

कोर्टाबाहेर तोच टायपिस्ट होता. मला त्याने ओळखलं नाही, बरं झालं. दिराने वंशावळ तोंडी सांगितली. एकही कागद न बघता चार पिढ्या. मला लग्न होऊन चोवीस वर्षं झाली, त्यातली निम्मी नावं मी ऐकलेली नव्हती. सासऱ्यांचा एक भाऊ वादळात गेलेला, एक आत्या लग्नाआधी गेलेली. तो सांगत होता, टायपिस्ट बडवत होता. आमच्या फांदीवर आल्यावर त्याने माझ्या नवऱ्याचं नाव सांगितलं आणि मग मुलीकडे बघून म्हणाला, शाळेत लिहितेस तसं पूर्ण सांग. पुढे त्याच्या आईचं नाव आलं. टायपिस्टने विचारलं, हयात का मयत? दीर म्हणाला, मयत. तारीख? त्याने तारीख सांगितली. मला ती माहीत होती. त्या दिवशी रावस चांगला मिळाला होता.

माझ्या खुलाशात काय लिहायचं यावर टायपिस्ट अडला. कौटुंबिक वादामुळे अनवधानाने, असं लिहू का, म्हणाला. मी म्हटलं, अनवधानाने नाही. वादामुळे एवढंच लिहा. त्याने दिराकडे बघितलं. दिराने मान हलवली.

सव्वातीनला समितीच्या ऑफिसात पोचलो. बाहेर एवढी माणसं की आमचा नंबर चारच्या आत लागेल असं वाटेना. मी शिपायाला सांगितलं, विनवलं, शेवटी दारात जाऊन उभी राहिले आणि हटायला नकार दिला. मासळीवालीला दारातून हटवणं सोपं नसतं. मागून कोणीतरी म्हणालं, आम्ही काय इथे तमाशा बघायला आलोय का? मी मागे वळले नाही. चारला पाच मिनिटं असताना आत घेतलं.

अधिकाऱ्यांनी मूळ प्रमाणपत्र उजेडात धरून बघितलं. दिराला विचारलं, ही बाई तुमची कोण? दीर म्हणाला, भावजय. मला विचारलं, हे तुमचे कोण?

"चुलत दीर."

त्यांनी कागदांवर शिक्का मारला, फाईलीला लावले, नाडी बांधली. सोमवारी अकराला या, म्हणाले, सही झाली असेल तर हातात देतो. मुलीने विचारलं, असेल तर म्हणजे? ते म्हणाले, समितीत मी एकटा नाही, तिघांच्या सह्या लागतात. त्यातले एक साहेब सोमवारी दौऱ्यावरून येणार आहेत. मी विचारलं, किती वाजता येणार? ते म्हणाले, ते मला सांगून येत नाहीत.

पायऱ्या उतरताना मी तास मोजत होते. अकराला कागद मिळाला तर पाचच्या आत कॉलेज गाठता येतं. तीनला मिळाला तर पळत. पाचला मिळाला तर उपयोग नाही. एवढं करूनही ते सगळं आता एका माणसाच्या प्रवासावर होतं, आणि त्याच्या दारात मला उभं राहता येणार नव्हतं. परत येताना होडीत मुलीने माझा हात धरला. तिचा हात गार होता. मी सोडवून घेतला नाही.

संध्याकाळी मी मालवाल्याला फोन केला. शनिवार-रविवारचा माझा सगळा माल शेजारच्या गाळ्यावर टाक, म्हटलं. तो म्हणाला, वेड लागलंय का तुला, गणपती गेलेत. मी म्हटलं, सुतक आहे. त्याने विचारलं, कोण गेलं? मी सांगितलं, चुलत सासू. कधी, म्हणाला. मी फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी डोक्यावरून गार पाण्याची आंघोळ केली. मुलीलाही घालायला लावली. चूल पेटवली नाही. ओले केस सोडून पुढचं दार उघडं टाकलं आणि उंबऱ्याच्या आत बसले. साडेपाचला जाऊ टोपली घेऊन निघाली, पण धक्क्याकडे न जाता आधी उलटी चार दारं चालत आली. आमच्या दाराशी थांबली.

"आंघोळ झाली?"

"झाली."

"पोरीची?"

"तिचीपण."

टोपली सावरून ती धक्क्याकडे परत फिरली. वरच्या फडक्याखाली पापलेटं होती, या दिवसांत एवढी मोठी दिसत नाहीत. ती कोपऱ्यावरून वळेपर्यंत मी बसून होते. मग मागच्या अंगणात गेले, बादलीत सोडा घातला आणि गुरुवारची राहिलेली सहा खोकी धुवायला घेतली.